गाळणीत काय राहिले?

माझे माहेर कारवारचे. नारळाचा रस, ज्याला आमच्या कोंकणीत 'रोस' म्हणतात, काढताना माझी आई वाटलेले खोबरे पांढऱ्या पंच्यात बांधून पिळीत असे. दुधासारखा रस भांड्यात उतरू लागला, की आम्हा मुलांचे सारे लक्ष त्या भांड्याकडे. आईचे लक्ष मात्र पंच्याकडे. गाठ सोडून आतला चोथा ती बोटांनी चाचपून पाही आणि मगच बाजूला ठेवी. खाली उतरले ते सर्वांनाच दिसते, वर राहिले ते मात्र कोणीतरी मुद्दाम पाहावे लागते, असे तिचे म्हणणे असे. हे तिचे बोलणे केवळ स्वयंपाकघरापुरते आहे, असे मी पस्तिशीपर्यंत समजत होते. गेल्या वर्षी आमच्या शाळेतील संगणकापुढे बसले असता त्याचा खरा अर्थ मला कळला. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

वार्षिकांकाची छायाचित्रे सिद्ध करण्याचे काम माझ्याकडे असते. मराठी विषय घेऊन बी. ए. झालेल्या बाईचा ह्या कामाशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. ज्याने एकदा शाळेतला बंद पडलेला प्रिंटर चालू करून दाखविला, त्याच्या गळ्यात संगणकाची यच्चयावत कामे जन्मभरासाठी पडतात. माझेही तसेच झाले.

गेल्या वर्षी नववीतील एका मुलीने अंकासाठी 'माझी आजी' हा निबंध लिहून आणला आणि सोबत एक चौकटबंद छायाचित्र आणले. आजीला तिने कधी पाहिले नव्हते. नात जन्मण्याच्या आदल्या वर्षीच ती वारली. नातीला आजीचे नाव तेवढे मिळाले. आजीचे सासर औराद तालुक्यातले आणि माहेर उदगीरकडचे. १९५६ सालापूर्वी ही दोन्ही ठिकाणे हैदराबाद राज्याच्या एकाच बिदर जिल्ह्यात होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि उदगीर तेव्हाच्या मुंबई राज्यात, तर औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. आजी लग्न होऊन सासरी आली ती १९६१ साली, म्हणजे तिला माहेरी जाण्यासाठी राज्याची सीमा ओलांडावी लागे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा उदगीरच्या एका स्टुडिओत तिचे हे छायाचित्र काढले होते, आणि तिच्या उभ्या आयुष्यात काढलेले ते एकटेच.

चित्राची स्थिती मात्र दयनीय होती. साठ पावसाळ्यांची ओल भिंतीतून त्याच्यात उतरली होती. काळ्यापांढऱ्याचा तपकिरी रंग झाला होता आणि चेहऱ्यावर, पदरावर, पाठीमागच्या पडद्यावर बुरशीचे आणि धुळीचे बारीक काळे ठिपके पसरले होते. "बाई, थोडं स्वच्छ करून छापाल का?" असे मुलीने विचारले. "का नाही?" मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले. माझ्याकडे तसे अवजार होते.

ते अवजार कोणते, हे सांगण्यापूर्वी विद्यार्थी मित्रांसाठी थोडा खुलासा करते. संगणकावर छायाचित्र सुधारण्याचे जे कार्यक्रम असतात, त्यांपैकी फोटोशॉप हा सर्वांत प्रसिद्ध. थॉमस नोल आणि जॉन नोल ह्या दोघा अमेरिकन भावांनी तो रचला आणि १९९० साली त्याची पहिली आवृत्ती बाजारात आली. त्यासाठी पैसे मोजावे लागतात. आमच्यासारख्या शाळा वापरतात तो गिम्प. तो मोफत आहे. बर्कले येथील विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला आणि १९९६ साली लोकांसाठी खुला केला. विद्यार्थ्यांनी विद्यार्थीदशेत केलेले काम पुढे जगभर कसे पसरते, ह्याचे हे एक उदाहरणच म्हणावे लागेल.

आता ह्या कार्यक्रमांना 'प्लगइन' जोडता येतात. आपल्या घरातला सोऱ्या आठवा. सोऱ्या एकच, पण त्यात बारीक भोकांची चकती बसविली की शेव पडते, चांदणीची बसविली की चकली पडते. शेवेची चकती हरवली म्हणून कोणी नवा सोऱ्या घेत नाही, आणि शेजारणीकडची चकती आपल्या सोऱ्यात बसली तर ती आपल्यालाही चालते. प्लगइन म्हणजे अशी बाहेरून आणून बसविलेली चकती. मूळ कार्यक्रम एकाने लिहावा, चकती दुसऱ्याने करावी, आणि तिसऱ्याने ती आपल्या घरी वापरावी. मी वापरते ते प्लगइन 'जीमिक' नावाचे आहे. फ्रान्समधील कां शहरातल्या एका संशोधनशाळेत डेव्हिड चुम्पेर्ले ह्यांनी ते २००८ साली सुरू केले, आणि आज त्यात पाचशेहून अधिक फिल्टर आहेत. फिल्टर म्हणजे अर्थातच गाळणी.

ही गाळणी काय गाळते? छायाचित्र संगणकात गेले, की त्याचे लक्षावधी बारीक चौकोन होतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. काळ्यापांढऱ्या चित्रात प्रत्येक चौकोनासाठी एक आकडा असतो: ० म्हणजे निव्वळ काळा, २५५ म्हणजे निव्वळ पांढरा. आजीच्या गालाचा नऊ चौकोनांचा एक तुकडा घ्या. समजा त्यांचे आकडे असे आहेत: ११८, १२०, १२१, ११९, २०, १२२, १२०, ११८, १२१. मधला २० हा धुळीचा काळा कण. तो घालवावयाचा कसा? पहिला उपाय सरासरीचा. नवांची बेरीज ९७९, सरासरी सुमारे १०९. तो आकडा मध्ये ठेवला तर काळा ठिपका जातो, पण त्याच्या जागी मळकट डाग राहतो. दुसरा उपाय अधिक चतुर आहे. नऊ आकडे चढत्या क्रमाने उभे करावयाचे, जसे आपण कवायतीला उंचीप्रमाणे मुले उभी करतो, आणि बरोबर मधल्याला, म्हणजे पाचव्याला, उचलावयाचे. येथे पाचवा आकडा १२० येतो. तो मध्ये ठेवला, की धूळ नाहीशी होऊन तिच्या जागी स्वच्छ गाल दिसू लागतो. गणिताच्या तासाला शिकलेला 'मध्यक' तो हाच. परीक्षेनंतर त्याची गाठ पुन्हा पडणार नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ठिपका मोठा असेल तर नवाऐवजी पंचवीस, एकोणपन्नास, ऐक्याऐंशी अशा वाढत्या चौकोनांची खिडकी घ्यावी लागते. नियम एवढाच, की खिडकीच्या निम्म्याहून कमी जागा व्यापणारा एकटादुकटा ठिपका तिच्यातून निसटत नाही, तो जातोच.

त्या संध्याकाळी मी खिडकी वाढवीत वाढवीत नेली. एकेक ठिपका विरघळू लागला. पडदा स्वच्छ झाला, पदर स्वच्छ झाला, चेहरा लोण्यासारखा गुळगुळीत झाला. मग दुसऱ्या फिल्टरने कडा थोड्या रेखीव केल्या. हात लागलाच होता, म्हणून तिसऱ्या फिल्टरने चेहऱ्याचा रंग थोडा उजळला. हे तिसरे काम मला कोणी सांगितले नव्हते. काम संपल्यावर त्याच फाइलवर, त्याच नावाने, मी ते जतन केले आणि अत्यंत समाधानाने घरी गेले. चौकट त्याच दिवशी मुलीच्या वडिलांबरोबर गावी परत गेली होती.

दुसऱ्या दिवशी मुलीला पडद्यावर चित्र दाखविले. ती हरखून जाईल अशी माझी अपेक्षा होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग खाली मान घालून म्हणाली, "छान झालंय बाई. पण ही आमची आजी वाटंना."

"का ग?"

"आजीचं गोंदण कुठं गेलं?"

मी चित्राकडे पाहिले. हनुवटीवर काही नव्हते. दोन भुवयांच्या मध्येही काही नव्हते. आदल्या दिवशी मी तो चेहरा तीन तास पाहत होते. पण माझे डोळे ठिपके शोधीत होते, आणि जो जो ठिपका दिसला तो मला डागच दिसला. हनुवटीवर तीन आणि कपाळावर एक असे ते गोंदण मैलारच्या जत्रेत, आजी लहान असताना, गोंदणारणीने सुईने टोचून काढले होते. एक पाऊसही न पाहिलेले नवे ठिपके आणि आजीने जन्मभर मिरवलेले चार ठिपके माझ्या गाळणीने एकाच मापाने मोजले आणि दोन्ही फेकून दिले.

त्या क्षणी मला आईचा पंचा आठवला. गाळणीत काय राहिले, हे मी पाहिलेच नव्हते.

ते पाहण्याची सोयही ह्या कार्यक्रमात असते, आणि ती मला ठाऊक होती. केवळ आळसाने मी ती वापरली नव्हती. मूळ चित्र खाली आणि सुधारलेले चित्र वर असे दोन थर ठेवून वरच्या थराला 'डिफरन्स' नावाची रीत लावली, तर संगणक एकातून दुसरे वजा करतो. जेथे काही बदलले नाही तेथे काळोख, आणि जेथे काही गेले तेथे उजेड. चाळणीत काय अडकले ते असे लख्ख दिसते. परंतु त्यासाठी मूळ चित्र जवळ असावे लागते, आणि मी तर त्याच्यावरच नवे चित्र जतन करून बसले होते. आता मूळ चित्र जगात एकाच ठिकाणी होते: औराद तालुक्यातील एका घराच्या भिंतीवर.

त्याच आठवड्यात आमची सहल बिदरला गेली. किल्ला पाहिला, महमूद गवानने १४७२ साली बांधून पुरा केलेला मदरसा पाहिला, आणि शेवटी एका बिदरी कारागिराच्या दुकानात गेलो. बिदरी काम आपण सर्वांनी पाहिले आहे. २००६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ते काळे कसे होते, हे मी प्रथमच जवळून पाहिले. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवितात, आणि कानशीने सारे एकसारखे घासतात. ह्या अवस्थेत भांडे आणि नक्षी दोन्ही पांढुरकी. चांदी कोठे आणि जस्त कोठे, हे डोळ्यांना नीट उमगतही नाही. मग किल्ल्यातील जुन्या जागेची माती नवसागराबरोबर कालवून तापलेल्या भांड्याला लावतात. पाहता पाहता जस्त काळेभोर होते आणि चांदी मात्र जशीच्या तशी चकाकत राहते.

मी मनाशी म्हटले, गाळणी असावी तर अशी! काय काळे करावे आणि काय सोडावे हे ह्या मातीला कसे कळते? थोड्या विचारानंतर उत्तर सापडले. जस्त आणि चांदी ह्या मुळातच दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि मातीला तो वेगळेपणा लागतो. माझ्या संगणकापुढे मात्र वस्तू नव्हत्याच. धुळीचा आकडा २० आणि गोंदणाचाही आकडा २०. आकड्यात भेद नाही, मग गाळणी भेद करणार कशी? तो भेद चित्रात नव्हताच. तो चित्राबाहेर, माणसांच्या आठवणीत होता. आणि तेथे जाऊन विचारण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

पुढच्या रविवारी मी एस.टी.ने औरादला गेले आणि तेथून मुलीच्या गावी. चूक कबूल केली. मुलीच्या वडिलांनी हसून चौकट उतरवून दिली आणि चहा पुढे केला. योगायोगाने आजीची धाकटी बहीण, म्हणजे मुलीची मावसआजी, उदगीरहून आलेली होती. मी छायाचित्र तिच्यापुढे धरले आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवीत विचारू लागले. हनुवटीचे तीन, कपाळाचा एक ह्यांबद्दल वाद नव्हता. डाव्या डोळ्याखाली एक ठिपका होता. मी त्याला खात्रीने बुरशी समजले होते. म्हातारीने चित्र डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाली, "त्यो डाग न्हाई, बाई. तीळ हाय त्यो. अक्काला लहानपणापासून व्हता." घरातल्या कोणालाही हे ठाऊक नव्हते. मुलीच्या वडिलांनीही आईच्या चेहऱ्यावरचा तो तीळ कधी ध्यानात घेतला नव्हता. पुढे सुरकुत्यांत तो हरवला असावा. त्या दिवशी विचारले नसते, तर तो पुढे कोणाला विचारावयाचा होता?

राहता राहिले दोन ठिपके, उजव्या कानाच्या पाळीजवळचे. त्यांच्याबद्दल मात्र मावसआजीलाही सांगता येईना. दागिन्याची चमक असेल, ओल असेल, देव जाणे.

परत आल्यावर मी नव्याने आरंभ केला. ह्या वेळी स्कॅन केलेल्या चित्राला 'मूळ' असे नाव देऊन ते वेगळे ठेवले. त्याची प्रत काढून फिल्टर त्या प्रतीवर चालविला, आणि प्रतीला मास्क लावला. मास्क म्हणजे थरावर घातलेला बुरखाच. तो काळा असेल तेथे फिल्टरचे काम झाकले जाते आणि आपण ब्रशने पांढरा करू तेवढ्याच जागी ते प्रकट होते. पडदा आणि पदर मी मोकळेपणाने पांढरे केले. चेहऱ्यावर मात्र एकेक ठिपका पाहून, आठवून, मगच ब्रश टेकविला. रंग उजळण्याचा फिल्टर मी पुन्हा उघडला नाही. पहिल्या खेपेला तीन तास लागले होते, ह्या खेपेला चार संध्याकाळी लागल्या. शेवटी 'डिफरन्स' लावून पाहिले. काळ्या पडद्यावर गाळलेली सारी धूळ चांदण्यांसारखी चमकत होती, आणि त्यांच्यामध्ये आजीच्या हनुवटीची जागा स्वच्छ काळी होती. तेथून मी काहीही नेले नव्हते.

एवढ्यावर हे संपते असे मला वाटले होते. पण त्याच टेबलावर मुलीचा निबंध पडलेला होता, माझ्या लाल शाईने तपासलेला. मूळ लेखनात तिचे वडील आपल्या आईला 'अव्वा' अशी हाक मारीत. मी ते खोडून 'आई' केले होते. आमच्या ह्या सीमेवरच्या घरांत कन्नड आणि मराठी एकाच चुलीवर शिजतात, हे मला काय ठाऊक नव्हते? कोंकणी बोलणाऱ्या घरातून मराठी शिकवावयास आलेल्या माझ्यासारखीला तर ते अधिक ठाऊक असावयास हवे होते. सुरुवातीच्या दिवसांत वर्गातली मुले माझ्या कोंकणी हेलाला हसत, म्हणून तो मी घासून घासून गुळगुळीत केला, आणि पुढे तीच गाळणी मुलांच्या वह्यांवर चालवू लागले. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त कराव्यातच. ते शिक्षकाचे कर्तव्य आहे. परंतु 'अव्वा' ही चूक नव्हती. ते गोंदण होते. मी लाल रेघ काढून टाकली आणि तो शब्द परत लिहिला.

विद्यार्थी मित्रहो, आज तुमच्या घरच्या मोबाईलमध्येही अशा अनेक गाळण्या आहेत. काही मोबाईल तर न विचारताच चेहरा गुळगुळीत आणि गोरा करून दाखवितात. त्या वापरू नका, असे मी सांगणार नाही. मी स्वतः त्या रोज वापरते, आणि त्यांच्यावाचून हा अंक वेळेवर निघालाही नसता. सांगणे एवढेच, की मूळ चित्र जपून ठेवा, गाळणीत काय राहिले ते पाहा, आणि कळेनासे झाले तर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा. तेही जरा लवकर विचारा.

ते छायाचित्र गेल्या वर्षीच्या अंकात छापले गेले. ज्यांच्याकडे तो अंक असेल त्यांनी पान उघडून पाहावे. आजीच्या उजव्या कानाच्या पाळीजवळ दोन बारीक काळे ठिपके दिसतील. अंक निघाल्यावर अनेकांनी मला सांगितले, की बाई, एवढे सुंदर काम केलेत, मग हे दोन डाग तेवढे कसे राहिले? ते राहिलेले नाहीत, ठेवलेले आहेत. ते काय आहेत हे सांगणारे कोणी भेटेपर्यंत ते तेथेच असू देत.